पाठीवरचे बिऱ्हाड

आपल्या भाषेत ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे म्हणतात, तेव्हा त्यात कौतुक नसते. ज्याची दर दोन वर्षांनी बदली होते, ज्याच्या बायकोचा निम्मा जन्म डबे-पातेली बांधण्यात आणि सोडण्यात जातो, अशा गृहस्थाविषयी आपण हे म्हणतो, आणि म्हणताना हळूच एक सुस्कारा टाकतो. उमेदीच्या दिवसांत माणसाने कुठेही फिरावे, पण म्हातारपणी आपल्या ओटीवर टेकावे, अशी आपली समजूत. दिवाळीत तर ती अधिकच पक्की होते. मुलेबाळे जिथे परत येतात ते घर, आणि त्या घराच्या दारात पणती लावणारे आजी-आजोबा, हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते.

अमेरिकेत मात्र गेली शंभर वर्षे याच्या अगदी उलट चित्र पुष्कळांच्या मनात घर करून आहे. नवरा-बायको दोघेही साठी ओलांडलेले. नोकरी संपलेली, मुले आपापल्या संसाराला लागलेली. अशा वेळी हे जोडपे एक चाकांवरचे घर विकत घेते, ते मोटारीला मागे जोडते, राहत्या घराला कुलूप लावते आणि निघते. आज ओहायो, उद्या केंटकी, परवा टेनेसी. या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आता आपल्याकडचे अनेक आईवडील मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला जाऊन सहा-सहा महिने राहून येतात. परत आल्यावर उंच इमारतींपेक्षा या रस्त्यावरच्या घरांचीच गोष्ट ते अधिक सांगतात, असा माझा अनुभव आहे. “अहो, त्यात मोरीसुद्धा असते!” हे वाक्य तर मी निदान चार जणांकडून ऐकले आहे.

मी इतिहास शिकवणारा मास्तर. कोणतीही गोष्ट पाहिली की ती कधी सुरू झाली आणि कोणाच्या जोरावर चालली, हे विचारण्याची खोड मला लागलेली. या ट्रेलरविषयी जे हाती आले ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की वरवर ही दोन माणसांच्या हौसेची गोष्ट दिसते; पण त्या हौसेच्या मागे तीन भक्कम आधार आहेत. महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पैसा, चांगला रस्ता, आणि रात्री थांबायला जागा. हे तीनही आधार त्या जोडप्याने स्वतः उभे केलेले नव्हते. ते कसे उभे राहिले आणि त्यांतला एक निसटला की काय होते, तेवढेच इथे सांगायचे आहे.

आरंभ मोटारीपासून करावा लागतो. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली आणि १९२५ च्या सुमारास तिची किंमत तीनशे डॉलरांच्या आत उतरली. कारकून, शेतकरी, शाळामास्तर यांच्याही दाराशी मोटार उभी राहू लागली. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळा म्हणजे चार महिने बर्फ. तेव्हा सुगी संपवून लोक मोटारीला तंबू बांधत आणि उबदार फ्लॉरिडाकडे जात. वाटेत डबाबंद मांस-मटार खावे, डब्यांतूनच पाणी आणि पेट्रोल बरोबर न्यावे, असा खाक्या. त्यावरून लोक त्यांना ‘टिन कॅन टूरिस्ट’, म्हणजे डबेवाले प्रवासी म्हणू लागले. या मंडळींनी चिडण्याऐवजी तेच नाव घेतले. १९१९ साली टँपा शहरातल्या डी सोटो पार्कमध्ये त्यांनी याच नावाची संघटना काढली. मोटारीच्या पुढच्या रेडिएटरवर एक रिकामा डबा डाखाने जोडलेला असला की ओळखावे, हा आपला माणूस. मुक्कामाची जागा सोडताना ती स्वच्छ करून सोडायची, हा त्यांच्या आचाराचा एक मुख्य भाग होता.

फ्लॉरिडातल्या दुकानदारांचे त्यांच्याविषयीचे मत मात्र तितकेसे चांगले नव्हते. हे लोक एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतात, आणि परत जाईपर्यंत सदरा बदलत नाहीत की नोट मोडत नाहीत, असा विनोद तिकडे रूढ झाला होता. तरीही कित्येक गावांनी त्यांच्यासाठी फुकट मुक्कामाच्या जागा राखल्या होत्या. पाहुणा थांबला तर निदान पाव-लोणी तरी गावातच घेईल, एवढा व्यवहार त्यामागे होता.

तंबूतून घर कसे निघाले, त्याचीही गंमत आहे. आर्थर शेर्मन नावाचे एक जंतुशास्त्रज्ञ डेट्रॉइट परिसरात औषधाच्या कंपनीचे प्रमुख होते. १९२९ साली त्यांनी सहलीसाठी मोटारीमागे ओढायचा एक घडीचा तंबू आणला. काही मिनिटांत उभा राहतो, अशी त्याची जाहिरात होती. सहलीत पाऊस आला, तंबू काही लवकर उभा राहीना, आणि सारे कुटुंब चिंब भिजले. शेर्मनसाहेबांनी मग लाकडाचा लगदा दाबून केलेल्या तक्त्यांची एक साधी पेटी चाकांवर बसवून घेतली. आत बाके, कपाटे, एक शेगडी. लोक रस्त्यात थांबून ती पाहू लागले. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात ती मांडली गेली. तिचे नाव ठेवले ‘कव्हर्ड वॅगन’. शंभर वर्षांपूर्वी पश्चिमेकडे जमिनी शोधत निघालेल्या कुटुंबांच्या छपरी गाड्यांचे हे नाव. सहा वर्षांत ही कंपनी ट्रेलर बनवणारी देशातली सर्वांत मोठी कंपनी झाली. आणि हे घडले ते महामंदीच्या काळात, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. काहींना ट्रेलर म्हणजे मौज होती, तर काहींना स्वस्तातले एकमेव छप्पर. ही दोन्ही माणसे पहिल्या दिवसापासून एकाच रस्त्यावर होती.

दुसरे नाव वॉली बायम यांचे. १८९६ साली ऑरेगन राज्यात जन्मलेला हा मनुष्य लहानपणी मेंढ्या राखत असे, आणि रात्री गाढवाने ओढायच्या एका दोन चाकी गाड्यात झोपत असे. त्या गाड्यात एक स्टोव्ह, पाण्याची बादली आणि अंथरूण, एवढाच संसार. पुढे ते मासिके काढू लागले, आणि त्यातूनच ट्रेलरच्या नादी लागले. १९३६ च्या जानेवारीत त्यांनी ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ नावाचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर विकायला काढला. त्याची मूळ घडण हॉली बोलस यांची. हे विमाने बांधणारे गृहस्थ. १९२७ साली लिंडबर्ग ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला, त्याच्या बांधणीवर यांची देखरेख होती. म्हणूनच तो ट्रेलर पंख नसलेल्या विमानासारखा दिसे. चौघांना झोपण्याची सोय, पाण्याची टाकी, विजेचे दिवे. किंमत बाराशे डॉलर. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती.

ट्रेलरचे वेड इतके वाढले की रॉजर बॅबसन या प्रसिद्ध अर्थतज्ज्ञांनी भाकीत केले, वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल. १९२९ च्या शेअरबाजाराची पडझड आधी सांगितल्यामुळे बॅबसनसाहेबांच्या शब्दाला वजन आले होते. या वेळी मात्र त्यांचा अंदाज चुकला. निम्मी अमेरिका चाकांवर आली नाही. आले ते मुख्यतः सुट्टीतले लोक आणि म्हातारे लोक. सुट्टीतल्यांचे समजू शकते. म्हाताऱ्यांना हे परवडू लागले ते कसे?

इथे पहिला आधार येतो. १९३३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच गावचे एक वृद्ध डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी एक मागणी पुढे आणली. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकारने महिना दोनशे डॉलर द्यावेत. अट इतकीच, की त्याने नोकरी सोडावी आणि ते पैसे महिन्याच्या आत खर्च करून टाकावेत. म्हाताऱ्याचे पोट भरेल, तरुणाला जागा मोकळी होईल आणि बाजारही चालेल, असा हा हिशेब. हिशेब जुळणारा नव्हता. पण लाखो लोक त्यांच्या मागे उभे राहिले आणि सरकारला हलावे लागले. १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून तेवढेच, आणि पासष्टाव्या वर्षापासून मरेपर्यंत दरमहा पैसे.

जानेवारी १९४० मध्ये या योजनेचा पहिला मासिक धनादेश निघाला तो व्हरमाँट राज्यातल्या लडलो गावच्या आयडा मे फुलर यांच्या नावाने. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. या बाई आधी शाळेत शिकवत, मग एका वकिलाच्या कचेरीत काम करत. योजनेत त्यांचे सारे मिळून २४ डॉलर ७५ सेंट जमा झाले होते. त्या शंभर वर्षे जगल्या, आणि १९७५ साली वारल्या तोवर त्यांना बावीस हजार आठशेहून अधिक डॉलर मिळाले. वर्गात व्याजाची गणिते घालताना हा दाखला मुलांना फार आवडतो.

या सरकारी रकमेवर कारखान्यांची पेन्शन चढली. १९४९ साली फोर्ड कंपनीने कामगार संघटनेशी करार केला: तीस वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला पासष्टाव्या वर्षी, सोशल सिक्युरिटी धरून, महिना शंभर डॉलर. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सनेही पेन्शन मान्य केली. जन्मभर मोटारीचे भाग जोडणाऱ्या माणसाला आता मोटार घेऊन हिंडण्याइतके म्हातारपण मिळाले. त्यापूर्वी कामगार निवृत्त होत नसे. हात चालेनासे होईपर्यंत तो राबे, आणि मग मुलाच्या घरी कोपऱ्यात बसे. निवृत्ती हा आयुष्याचा वेगळा अध्याय आहे, ही कल्पनाच सामान्य माणसाला या दशकांत मिळाली.

दुसरा आधार रस्त्याचा. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने मोटारींचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला. सुमारे बत्तीसशे मैलांना बासष्ट दिवस लागले. पूल मोडत होते, ट्रक चिखलात रुतत होते. या तांड्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनीचे प्रशस्त मोटाररस्ते पाहिले, आणि अध्यक्ष झाल्यावर २९ जून १९५६ रोजी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. एकेचाळीस हजार मैलांचे रस्ते. खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारचा. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना विषम. ना चौक, ना सिग्नल, ना समोरून येणारी मोटार. तरुण चालकाला याचा फायदा वेगासाठी झाला. म्हाताऱ्या चालकाला झाला तो निर्धास्तपणासाठी. मागे सहा-सात हजार पौंडांचे घर ओढत असताना घाटातल्या अरुंद वळणावर समोरून ट्रक यावा, यासारखे भय नाही.

आता आपण अशा एका जोडप्याबरोबर थोडे जाऊ. जोडपे कल्पनेतले आहे, पण रस्ता खरा आहे. साल १९७८, ऑक्टोबर महिना. गृहस्थ डेट्रॉइटच्या मोटारकारखान्यातून तीस वर्षांनी निवृत्त झालेले. आय-७५ हा महामार्ग टँपापर्यंत अखंड झाला तो आदल्याच वर्षी, १९७७ च्या डिसेंबरात. मिशिगन, ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, फ्लॉरिडा अशी सहा राज्ये. अंतर सुमारे बाराशे मैल. तेलटंचाईमुळे १९७४ पासून साऱ्या देशात ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा आहे. ट्रेलरवाल्याला तिचे काही वाटत नाही. तो तसाही पन्नाशीतच असतो.

निघण्यापूर्वीचे काम मोठे असते. मोटारीच्या मागे लोखंडी गोळा, त्यावर ट्रेलरच्या दांडीची वाटी बसते, खाली दोन साखळ्या, आणि ब्रेकची व दिव्यांची तार. ज्याने बैलगाडी जुंपली आहे त्याला यातले मर्म सांगावे लागणार नाही. गाडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलाळते, पुढे जास्त झाले की बैलाची मान दबते. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यावा लागतो. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो, आणि एकदा का तो झुलू लागला की मोटारीलाही घेऊन जातो. म्हणून डबाबंद भाज्या कुठे ठेवायच्या आणि इस्त्री कुठे, हा प्रश्न नुसता आवरसावरीचा राहत नाही.

१९५४ साली व्हिन्सेंट मिनेली यांनी ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा विनोदी चित्रपट काढला. त्यात ल्युसिल बॉल ही नववधू वाटेतल्या प्रत्येक ठिकाणचा एकेक दगड आठवण म्हणून ट्रेलरमध्ये भरत जाते, आणि डोंगर चढायची वेळ येते तेव्हा नवऱ्याचे धाबे दणाणते. चालत्या ट्रेलरमध्ये ती स्वयंपाक करू पाहते तो प्रसंगही त्यात आहे. भांडी, पीठ आणि बाई, तिन्ही एकमेकांवर कोसळतात. हसून पुरेवाट होते. पण त्या हसण्याखाली एक प्रश्न आहे. प्रवास दोघांचा असला, तरी सुट्टी दोघांची होती का? आठ फूट रुंदीच्या त्या घरात स्वयंपाक होता, भांडी होती, धुणे होते. फक्त ओटा लहान झाला होता आणि शेजारीण रोज नवी होती. बाईने चाळीस वर्षे सांभाळलेले घर एका सामानाच्या यादीत उतरवायचे होते. कोणती परात न्यायची, कोणती सोडायची, आजीची घड्याळपेटी कोणाला द्यायची. पुरुषाची नोकरी सुटली की तो निवृत्त झाला. बाईच्या निवृत्तीची तारीख कोणी ठरवली नव्हती.

आपले जोडपे सिनसिनाटीला ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरते. पूल संपतो न संपतो तोच मोठा चढ. पुढे लेक्सिंग्टनजवळ घोड्यांची कुरणे, मग टेनेसीच्या हद्दीवर जेलिको डोंगर. तिथला उतार उतरताना एकट्या ब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाही. गिअर खाली घ्यावा लागतो, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. चॅटनूगा ओलांडले की जॉर्जिया. हवा बदललेली, माती तांबडी. आपण एका राज्यातून दुसऱ्यात गेलो हे फलकांवरून कळते. पण जुन्या ट्रेलरवाल्यांना ते अधिक नेमके ठाऊक असे. कारण ट्रेलरची लांबी किती असावी, ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे, चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसू द्यायचा की नाही, याचे नियम प्रत्येक राज्याने आपापले केलेले.

संध्याकाळी मुक्काम. इथे साऱ्या प्रवासातली कठीण परीक्षा असते: ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणे. ट्रेलर उजवीकडे जायला हवा तर हातातले चाक डावीकडे फिरवायचे. गृहस्थ आत, बाई बाहेर उभी राहून हातवारे करते आहे. तिला वाटते तो ऐकत नाही, त्याला वाटते ती दिसत नाही. मुक्कामावरची जुनी मंडळी खुर्च्या टाकून हा तमाशा पाहत बसतात, आणि अगदीच अडले की कोणीतरी उठून मदतीला येतो. मग विजेची तार जोडायची, पाण्याची नळी जोडायची. आणि सकाळी निघताना मोरी-संडासाची टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. पाठीवर बिऱ्हाड घेतले की त्यातली घाणही पाठीवर येते. जाहिरातीतल्या चित्रांत हे काम करताना कोणी दिसत नाही.

या मुक्कामाच्या जागा म्हणजे तिसरा आधार. १९६२ साली सिएटलला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा तिकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी डेव्ह ड्रम यांनी यलोस्टोन नदीच्या काठी एक मुक्कामाची जागा काढली. एका रात्रीला पावणेदोन डॉलर. त्यात गरम पाण्याची न्हाणी, संडास आणि छोटे दुकान. त्यातून पुढे ‘के. ओ. ए.’ या नावाने देशभर अशा जागांची साखळी झाली. सरकारनेही राष्ट्रीय उद्यानांतल्या सोयी वाढवल्या. १९७४ पासून बासष्ट वर्षांवरील नागरिकाला उद्यानांचा आजीव फुकट परवाना मिळू लागला. पुढे त्याला दहा डॉलर पडू लागले, आणि २०१७ साली दहाचे ऐंशी झाले.

परंतु या जागा सर्वांना उघड्या नव्हत्या. ज्या वर्षी चकचकीत क्लिपर निघाला, त्याच १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले एक कृष्णवर्णी पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी एक छोटी पुस्तिका काढली. काळ्या माणसाला कोणत्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कोणता पेट्रोलवाला हाकलून देणार नाही, याची ती यादी होती. तिला ‘ग्रीन बुक’ म्हणत. १९६६-६७ पर्यंत तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. अंधार पडायच्या आत काळ्या माणसाने गाव सोडलेच पाहिजे, असा दंडक असलेली गावे तेव्हा उत्तरेतही होती. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने हॉटेले आणि खाणावळींतला हा भेद बेकायदा ठरवला. डेट्रॉइटच्या त्याच कारखान्यात, त्याच पट्ट्यावर तीस वर्षे काम केलेला कृष्णवर्णी कामगार १९६० साली पेन्शन घेऊन निघाला असता, तर त्याच्याजवळ पैसा होता, पुढे रस्ता होता. पण सूर्य मावळल्यावर कुठे थांबायचे, हे त्याला पुस्तिकेत पाहावे लागले असते. तीन आधारांपैकी एक नसला की बाकीचे दोन कसे लंगडे पडतात, याचे हे पहिले उदाहरण.

ज्यांचे तिन्ही आधार भक्कम होते, ते मात्र वाटेल तिथे गेले. बायम यांनी १९५१ साली टेक्सासमधल्या एल पासोहून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत ट्रेलरांचा तांडा नेला. वाट इतकी बिकट की थोडेच शेवटपर्यंत टिकले. तरी १९५९ साली त्यांनी एकेचाळीस ट्रेलर घेऊन दक्षिण आफ्रिकेतले केपटाउन सोडले आणि दुसऱ्या वर्षी कैरो गाठले. या तांड्यात निवृत्त जोडप्यांचा भरणा मोठा होता. इथिओपियात सम्राट हैले सेलासींनी त्यांचे ट्रेलर पाहिले, आणि शेवटी पिरॅमिडांसमोर त्या रुपेरी घरांची छायाचित्रे निघाली. बायम १९६२ साली वारले; पण पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांचा तांडा सिंगापूरहून निघाला आणि १९६४ मध्ये पोर्तुगालच्या लिस्बनला पोहोचला. निवृत्त अमेरिकी माणसाच्या सुखाचा हा कळस म्हणायला हरकत नाही.

उतरण कुठून लागली, तेही सांगता येते. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. हा धक्का मोठा होता, पण तो ओसरला. दुसरा बदल आवाज न करता आला. १९७८ च्या करविषयक कायद्यात ‘४०१-के’ नावाचे एक कलम घातले गेले. कामगाराने पगारातून पैसे बाजूला काढावेत आणि ते शेअरबाजारात वाढावेत, अशी सोय त्यातून पुढे निघाली. हळूहळू खासगी कंपन्यांनी ठरलेली पेन्शन देणे बंद केले आणि ही सोय पुढे केली. पूर्वी कंपनी कामगाराला महिन्याची रक्कम देण्यास बांधलेली असे. आता कामगाराजवळ एक गाठोडे असे आणि ते बाजाराच्या वाऱ्यावर असे. २००८ साली बाजार कोसळला. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या कित्येकांचे गाठोडे निम्मे झाले, आणि घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली.

त्यानंतर अमेरिकेच्या रस्त्यांवर पुन्हा म्हातारी माणसे चाकांवरच्या घरांतून दिसू लागली; पण ही वेगळी माणसे होती. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी कित्येक महिने त्यांच्याबरोबर काढले आणि २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. साठी-सत्तरीची ही माणसे घरभाडे परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये किंवा जुन्या ट्रेलरमध्ये राहतात. शरद ऋतूत उत्तरेकडे बीटच्या काढणीला जातात, नाताळपूर्वी मोठ्या गोदामांत मालाच्या खोक्यांची उचल-ठेव करतात, उन्हाळ्यात मुक्कामाच्या जागांचे संडास धुतात, आणि हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात गोळा होतात. बाहेरून पाहाल तर तेच घर, तोच रस्ता, तसेच पिकलेले केस. एक जोडपे फिरते आहे, कारण त्याला महिन्याला पैसे येतात; दुसरे फिरते आहे, कारण येत नाहीत.

अशा फिरत्या माणसाचा पत्ता काय, हाही प्रश्नच आहे. मोटारीचा परवाना, मतदान, कर, सारे राज्यावर अवलंबून, आणि राज्य ठरते पत्त्यावरून. म्हणून कायम फिरणारे पुष्कळ लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लॉरिडा या राज्यांतला पत्ता घेतात. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि पैसे घेऊन टपाल पुढे पाठवणारी दुकाने आहेत. ज्याला सगळा देश घर, त्याच्या घराचा पत्ता म्हणजे दुकानातली एक पेटी.

हे वाचताना मला आमची शिक्षकांची खोली आठवत राहिली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख कोणाही शिक्षकाला सांगावी लागत नाही. त्या दिवसाआधी नोकरीला लागला त्याला जुनी पेन्शन, त्या दिवशी किंवा नंतर लागला त्याला पगारातून कापलेल्या पैशांचे गाठोडे. एकाच बाकावर चहा पिणाऱ्या दोन मास्तरांची म्हातारपणे त्या तारखेने वेगळी केली. एक जण निवृत्तीनंतर चारधामची, अंदमानची भाषा करतो, दुसरा शिकवण्यांची. दोघांचे अक्षर सारखेच वळणदार, दोघांची हाडे सारखीच दुखतात. आमच्यापैकी कोणी ट्रेलर घेणार नाही, हे खरे. पण म्हातारपणी घराबाहेर पाऊल टाकायचे ते हौसेने की गरजेने, हा प्रश्न डेट्रॉइटचा तेवढाच आमच्या तालुक्याचाही आहे.

आणि सुखाने फिरलेल्या जोडप्यांचे शेवटी काय होते? एक दिवस रात्रीचे दिसेनासे होते, किंवा त्या लोखंडी गोळ्यावर दांडी बसवायला कंबर वाकत नाही. फ्लॉरिडात ब्रेडेन्टन गावी किवानिस क्लबने १९३६ साली ट्रेलरवाल्यांसाठी एक वसाहत काढली, आणि तशा कित्येक वसाहती त्या किनाऱ्यावर झाल्या. तिथे उत्तरेतून दर हिवाळ्याला येणारी जोडपी एका वर्षी परत गेली नाहीत. ट्रेलरची चाके काढून खाली विटा लावल्या गेल्या. पुढे पत्र्याची पडवी निघाली, पडवीत दोन खुर्च्या आणि कुंड्या आल्या, दारावर नावाची पाटी लागली. शेजारीही असेच कुठूनसे फिरत येऊन थांबलेले. संध्याकाळी ही मंडळी एकमेकांच्या पडवीत बसत, आणि कोण कोणत्या घाटात अडकला होता याच्या गोष्टी चालत. तेवढ्यात वसाहतीच्या फाटकातून एखादे नवखे जोडपे ट्रेलर घेऊन आत शिरले आणि तो मागे लावताना अडखळू लागले, की त्यांतला एखादा म्हातारा काठी टेकत उठे आणि हात करून सांगे: चाक डावीकडे, अजून डावीकडे.